कायोटीला हाक : बटण माझ्या हातात होतं

हेडफोन लावून ऐकत असाल तर आधी आवाज जरा कमी करा. नंतर म्हणू नका सांगितलं नाही.

[इथे ऑडिओत 10 सेकंद सशाची किंकाळी आहे.]

हा ससा. म्हणजे सशाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. ससा एरवी जवळपास मुकाच असतो, पण कुणाच्या तोंडात सापडला की असा ओरडतो. लहान बाळ रडतंय असंच वाटतं ना? गेल्या फेब्रुवारीत वायोमिंगमध्ये, बर्फात बूड टेकून, मी हा आवाज वाजवत बसलो होतो. कायोटी यावा म्हणून. आणि तो आला की त्याला गोळी घालायची म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणा. वजन साधारण 10 ते 15 किलो, लांडग्यापेक्षा बराच लहान. नाव मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आलंय. शहरातले लोक 'कायोटी' म्हणतात, मेंढ्या-गुरं पाळणारे 'कायोट' म्हणतात. मी पहिल्या दिवशी 'कायोटी' म्हणालो आणि समोरच्यांना लगेच कळलं, हा कॉम्प्युटरवाला आहे.

मी राहतो कोलोराडोत, फोर्ट कॉलिन्सला. तिथून उत्तरेला तासाभरात वायोमिंगची सीमा ओलांडता येते. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या काकांचा तिकडे मेंढ्यांचा कळप आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणतो, इथेही तेच म्हणेन. त्यांचा भाचा... सॉरी, पुतण्या, म्हणजे माझा मित्र, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होता. आजोबांना सोबत हवी होती. मला विचारलं, मी 'हो' म्हणालो. खरं सांगतो, इन्स्टाला चांगले फोटो मिळतील, एवढाच विचार होता.

बंदुकीचं आधीच सांगून टाकतो, कारण कमेंटमध्ये हाच प्रश्न येणार. माझ्यासारख्या वर्क व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायची सर्वसाधारणपणे परवानगी नाही. काही अपवाद आहेत, शिकारीचं लायसन्स असणं हा त्यातला एक. वायोमिंगमध्ये कायोटीला लायसन्स लागतच नाही, तो तिथे वर्षभर मारता येतो. त्यामुळे माझ्याकडे ते असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून रायफल आजोबांकडे आणि स्पीकरचा रिमोट माझ्याकडे.

आता हे चालतं कसं? वाटतं तितकं सोपं नाही. टेकाडाच्या मागे पिकअप लावायची. दार आपटायचं नाही, हाताने दाबून लावायचं. मग चालत जाऊन एखाद्या झुडपाला पाठ लावून बसायचं, म्हणजे माणसाचा आकार वेगळा दिसत नाही. सूर्य पाठीशी. स्पीकर आपल्यापासून 40 पावलं लांब, वाऱ्याच्या दिशेने वर. का? तर कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. कान सांगतात 'ससा आहे', पण तो नाकाला विचारल्याशिवाय पुढे येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि वास घेतो. त्या वळशातच तो आपल्या समोरून जायला हवा, आपला वास त्याला लागायच्या आत.

पहिल्या जागी नेमका इथेच मी घोळ घातला. 12 मिनिटं काही नाही. पायाला मुंग्या आल्या, मी पाय जरा सरळ केला. बर्फ करकरला. आजोबांनी मानही वळवली नाही, फक्त श्वास सोडला. समोरच्या उतारावर एक करडा ठिपका उभा होता. तो कधी आला, मला कळलंही नव्हतं. पुढच्या क्षणी तो नव्हता. आजोबा म्हणाले, "त्याला आज शिकवलंस तू." म्हणजे हा आवाज खोटा असतो हे त्याला आता कळलं, यापुढे तो या आवाजाला सहजी येणार नाही. हा माणूस ओरडला असता तर बरं, असं वाटलं मला.

दुसऱ्या जागी आजोबांनी डिकॉय लावला. दुकानात बॅटरीवर फिरणारी केसाळ शेपटी मिळते, तारेवर गरगर फिरते, पळू न शकणाऱ्या सशासारखी. आजोबांकडे ते नाही. त्यांच्याकडे एक काठी, तिला मासेमारीचा दोरा आणि दोऱ्याला टर्कीचं एक पीस. वायोमिंगचा वारा फुकटात ते हलवतो. त्याचं काम दोन प्रकारचं. लांब थबकलेल्या कायोटीला 'ओरडतंय ते हेच' असं डोळ्यांनी पटतं. आणि त्याची नजर पिसावर राहते, आपल्यावर येत नाही.

स्पीकर मात्र पुतण्याने घेऊन दिलेला. आजोबा आधी तोंडाने प्लास्टिकची शिट्टी फुंकायचे, आता दम पुरत नाही. ही युक्ती काही नवी नाही. 1960 च्या दशकात टेक्सासात जॉनी स्टुअर्ट नावाचा माणूस अशा किंकाळ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या विकायचा. विचार करा, माळावर तबकडी लावून बसायचं!

[हसण्याचा आवाज]

तर मी सशाचं बटण दाबलं. दोन मिनिटं वाजवलं, मग शांत. परत हळू आवाजात. सातव्या-आठव्या मिनिटाला तो आला. पळत. मला वाटायचं शिकारी प्राणी दबकत येत असेल. हा थेट दुडक्या चालीत, कान पुढे, तोंड किंचित उघडं. खरंच भूक लागलेल्यासारखा. पीस दिसलं तसा थांबला आणि मान तिरकी केली. आपल्या गल्लीतलं कुत्रं बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून करतं ना, अगदी तशीच.

रायफल वाजली. तो जागच्या जागी बसल्यासारखा खाली गेला.

मी उठायला लागलो. आजोबांनी तळहात खाली दाबला : बस. मग माझ्या हातातल्या रिमोटकडे बोट केलं आणि तीन बोटं दाखवली. तिसरं बटण. सकाळी त्यांनी मला ते शिकवलं होतं, पण तेव्हा ते नुसतं एक बटण होतं. तिसरं बटण म्हणजे पिल्लाचं केकाटणं. कायोटीचं पिल्लू दुखावलंय, ओरडतंय.

फेब्रुवारी हा त्यांच्या जोड्यांचा काळ. एक आला तर बरेचदा दुसरा मागे कुठेतरी असतो. गोळीच्या आवाजाने तो दचकतो, पण पिल्लाचं केकाटणं ऐकलं की येतो. भुकेने नाही. मदतीला.

हे सगळं माझ्या डोक्यात तेव्हा आलं असं म्हणणार नाही. तेव्हा फक्त अंगठा बटणावर होता आणि आजोबा माझ्याकडे बघतही नव्हते, नळीतून समोर बघत होते. मी दाबलं.

ती आली. मादी होती असं आजोबा नंतर म्हणाले. पण ती पिसाकडे गेलीच नाही, लांबून वळसा घालत सरळ वाऱ्याखाली आली. तिला आमचा वास लागला, थबकली आणि गेली. आजोबांनी गोळी झाडली नाही, नीट नेम मिळत नव्हता म्हणून. दयेने वगैरे नाही, उगीच गोष्ट गोड करत नाही.

खाली पडलेल्याला उचलून पिकअपपर्यंत मीच आणलं. मागचे पाय धरून. मोज्यातूनही ऊब लागत होती.

परतीच्या वाटेवर मी वाद घातला. इंजिनियर माणूस, आदल्या रात्री वाचून गेलो होतो. म्हटलं, एकट्या केंद्र सरकारच्या खात्याने 2019 मध्ये 60 हजारांहून जास्त कायोटी मारले. कमी झाले का? दोनशे वर्षांपूर्वी हा प्राणी मुख्यतः पश्चिमेच्या आणि मधल्या माळरानांवर होता. आपण लांडगे संपवले, जंगलं तोडली, आणि आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात तो आहे. शिकागो शहरात राहतो, 2000 सालापासून तिथे त्याचा अभ्यास चाललाय. एक मारला की भटका दुसरा त्या जागेवर येतो. मग उपयोग काय?

आजोबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतोच. पण तो येऊन जागा ओळखेपर्यंत माझी कोकरं महिन्याची होतात." बस. पुढे 20 मिनिटं दोघंही गप्प.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. जास्तीत जास्त कायोटी कोण मारतो याच्या बक्षिसाच्या स्पर्धा भरतात, त्यांचा मला राग येतो. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये अशा स्पर्धांवर बंदी घातली, कोलोराडोने 2020 मध्ये. आजोबाही त्या स्पर्धांना जात नाहीत. पण स्पर्धा वेगळी आणि हा माणूस वेगळा.

आता थोडं आपल्याकडे येतो. आवाजाने बोलवणं आपल्याला काही नवं नाही. फासेपारधी तित्तराचा आवाज हुबेहूब काढायचे, पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून जंगली तित्तर बोलवायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो गुन्हा झाला आणि त्यांचं पोटच गेलं, तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळा भाग करू.

मला आठवला तो मीच. चार वर्षांपूर्वीचा जून, चिपळूणजवळ. नवरंग पक्ष्याचा फोटो हवा होता. मोबाईलवर त्याचा आवाज लावला, ब्लूटूथ स्पीकर झुडपात ठेवला आणि 20 मिनिटं वाजवत बसलो. नवरंग आला, परत परत आला, छाती काढून ओरडला. तो विणीचा काळ. त्याला वाटलं, दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. घरटं सोडून तो माझ्या स्पीकरशी भांडत होता. फोटोला साडेतीनशे लाईक मिळाले. मी त्याला शिकार म्हणत नव्हतो. स्पीकर वाऱ्याच्या दिशेने कुठे ठेवायचा एवढंच मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी आजोबांकडे परत गेलो. कोकरं आली होती, सगळीकडे बें-बें. पांढरे केसाळ राखणीचे दोन मोठे कुत्रे, ग्रेट पिरनीज, कळपाभोवती फिरत होते. कुंपणाजवळ त्यांनी मला एक मेलेलं कोकरू दाखवलं. वरून फारसं काही दिसत नव्हतं. त्यांनी गळ्याची लोकर बाजूला केली, तेव्हा दातांची भोकं दिसली. त्या आठवड्यातलं तिसरं. "तुझी ती असेल," असं ते म्हणतील असं मला वाटलं. म्हणाले नाहीत. कुणी सांगावं, दुसराच असेल.

पिकअपच्या डॅशबोर्डवर तोच रिमोट पडला होता. चालू करून बघितला, बंद. सेल संपले होते. मी दुकानात जाऊन नवे आणून घालून दिले.

तर तुमच्यापैकी कुणी मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलवलाय का? व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.