कालीबंगाचे शेत
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण, संक्षिप्त)



सिंधू संस्कृती म्हटली की आपल्याला मोहेंजोदडोचे स्नानगृह आठवते, मुद्रा आठवतात. मी आज तुमच्यापुढे एक शेत मांडणार आहे. राजस्थानात, हनुमानगढ जिल्ह्यात, घग्गर नदीच्या कोरड्या पात्राकाठी कालीबंगा नावाचे गाव आहे. कालीबंगा म्हणजे काळ्या बांगड्या. तिथल्या टेकाडांवर मातीच्या बांगड्यांचे तुकडे इतके विखुरलेले की गावाला तेच नाव पडले. ही टेकाडे फार प्राचीन आहेत हे ओळखले तेस्सितोरी या इटालियन पंडिताने, आणि तो बिकानेरला आला होता चारणांच्या पोथ्या जमवायला! 1919 साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी तो तिथेच वारला.

पुढे 1960च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. जुन्या वस्तीच्या तटाबाहेर, आग्नेयेला, नांगरलेल्या जमिनीचे तास जसेच्या तसे मिळाले. काळ इ. स. पू. 2800च्या आसपासचा. पूर्व-पश्चिम तास सुमारे 30 सेंटीमीटर अंतराने, दक्षिणोत्तर तास सुमारे 190 सेंटीमीटर अंतराने. असे आडवेउभे तास कशासाठी? उत्तर शेजारच्या शेतात उभे होते. तिथले शेतकरी आजही जवळच्या तासांत हरभरा आणि लांबच्या तासांत मोहरी पेरत होते. मोहरी उंच. तिच्या ओळी दक्षिणोत्तर असल्या की भर दुपारी तिची सावली तिच्याच ओळीत पडते, हरभऱ्याला ऊन मिळते. तेव्हाचे पीक हेच असेल असे नव्हे, पण रीत हीच. आपल्याकडे ज्वारीत तुरीच्या ओळी घालतात, त्यामागचा हिशेबही याच जातीचा.

आता नदीकडे वळू. घग्गर शिवालिकच्या डोंगरात उगम पावते, पावसाळ्यात वाहते आणि वाळवंटात जिरते. हीच सरस्वती का, या वादात मी शिरत नाही. शिरलो तर आरतीची वेळ टळेल. सीमेपलीकडे, पाकिस्तानच्या चोलिस्तानात, हेच पात्र हाकरा म्हणून ओळखले जाते. तिथे रफीक मुघल यांनी 1974 ते 1977 मध्ये पाहणी केली. ऐन बहराच्या काळातल्या 174 वस्त्या त्यांना मिळाल्या, उत्तरकाळातल्या फक्त 50. पाणी ओसरले तशी माणसे उठली.

पण ती गेली कुठे? पुस्तकांत एक वाक्य असते, 'ही संस्कृती नष्ट झाली'. मला ते पटत नाही. याच उत्तरकाळात पूर्वेकडे, हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात, खेड्यांची संख्या वाढलेली दिसते. खेडी लहान. मुद्रा नाहीत, आखीव रस्ते नाहीत, लिपी गेली. शेती मात्र चालू राहिली. पोटापाण्यासाठी गाव सोडून इथे स्थिरावलेल्या घराण्यांना तरी याचे नवल वाटू नये; काय बरोबर न्यायचे आणि काय मागे टाकायचे, हे आपल्याही पूर्वजांनी ठरवलेच होते. हरियाणात बनावलीला मातीचा एक छोटा नांगर मिळाला आहे. खेळणे असावे. पोराच्या हातात घरच्या औताची नक्कल.

आज त्या मुलखात कालव्यांचे पाणी आले आहे. 1927 साली गंग कालवा सुरू झाला, पुढे इतर कालवे आले, आणि ओसाड जमीन पिकू लागली. त्याच ओघात घग्गरकाठची कितीतरी जुनी टेकाडे शेतासाठी सपाट झाली. शेतकऱ्याला दोष कसा देणार? त्याला जमीन हवी आहे. निदान जी टेकाडे उरली आहेत त्यांची नोंद तरी नांगर फिरण्याआधी व्हावी. कालीबंगाला पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. बिकानेरकडे कधी गेलात तर एक दिवस जास्तीचा काढा आणि ते बघून या.