पदकाच्या कडेवरील अक्षरें

पेण किंवा रोहें तालुक्यांतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरची पेटी उघडावी आणि कापडाच्या घडींतून काळवंडलेलें लष्करी पदक निघावें, यांत नवल नाहीं. कोंकणानें मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या शिपाई दिले. पदक हातीं येतांच सर्वांचें लक्ष राजाच्या मुखवट्याकडे जातें. धन्याची खरी ओळख मात्र कडेवर, बारीक रोमन अक्षरांत असते.

तिचा क्रम ठरलेला असतो: प्रथम शिपायाचा क्रमांक, मग हुद्दा, मग नांव आणि शेवटीं पलटण. ‘एन्. के.’ म्हणजे नाईक, ‘एच्. ए. व्ही.’ म्हणजे हवालदार. पुढें तीन, तिरपी रेघ आणि पांच असे आंकडे दिसले, तर तो अपूर्णांक नव्हे. पांचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण असा त्याचा अर्थ. मराठा लाइट इन्फंट्रीस ‘पांचवी’ हा क्रमांक १९२२ च्या पुनर्रचनेंत मिळाला. त्यापूर्वीं हीच तिसरी पलटण ‘११० वी’ म्हणून ओळखली जाई. तिनें मेसापोटेमियांत कुत-अल्-अमाराचा वेढा सोसला. तें ठाणें २९ एप्रिल १९१६ रोजीं पडलें. आजोबांच्या पदकावर ११० व नातवाच्या पदकावर ३/५ असेल, तर पलटण बदलली असें समजूं नये.

याच तिसऱ्या पलटणींत रोह्याशेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, ते लढतां लढतां पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्रॉसची रीत निराळी. नांव मागील बाजूस वरच्या पट्टीवर, आणि पराक्रमाचा दिवस मध्यभागीं कोरतात.

खुणांचें मोल रणांगणावर अधिक कळतें. ब्रिटिश सैन्यांत प्रथम शिपायाच्या गळ्यांत एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करण्यासाठीं तो काढून नेला, कीं मागें राहिलेला देह अनामिक होई. म्हणून १९१६ सालीं दोन बिल्ले आले: तांबडा गोल न्यावयाचा, हिरवा अष्टकोनी देहावर ठेवावयाचा. त्यांवर धर्माचीही खूण असे. अंत्यविधि कोणत्या रीतीनें करावा, हें त्यावरून ठरे.

आजच्या भारतीय सैन्यांतही ही परंपरा निराळ्या रूपानें चालू आहे. ‘आय्. सी.’ हीं अक्षरें कायम कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याचीं, ‘जे. सी.’ हीं सुभेदार वर्गाचीं. त्यांच्या क्रमांकाअखेरचें एकटें अक्षर शोभेचें नसतें; आंकड्यांवरून तें हिशोबानें काढलेलें असतें, म्हणून नक्कल करतांना एक आंकडा चुकला तरी तें अक्षर जुळत नाहीं.

पहिल्या महायुद्धाचें ब्रिटिश वॉर मेडल बहुधा चांदीचें असे. त्यामुळें तें सोनाराच्या मुशींत जाण्याचें भय मोठें. तसें करण्यापूर्वीं भिंगानें कडा वाचावी. नांव इंग्रज कारकुनानें कानाला लागेल तसें लिहिलेलें असावयाचें. घरचें नांव वेगळें म्हणून तें सुधारूं नये, जसेंच्या तसें उतरून घ्यावें. क्रमांक मुक्ततेच्या दाखल्याशीं ताडून पाहावा, आणि अलिबागेच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारणा करावी. चांदी तोळ्यावर पुन्हा मिळेल. कडेवरचें नांव एकदां वितळलें, कीं तो शिपाई आपल्याच घरांत अनामिक होईल.