पऱ्हाटी, राख आणि धुण्याचं पाणी



सच्छिद्र पदार्थांवरच्या या परिषदेला अमरावतीइतकी योग्य जागा नाही, असं मी मनापासून मानतो. कच्चा माल आपल्या दारात आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात पऱ्हाटी उरते. बोंडअळीच्या धास्तीनं ती लवकर उपटायची, थोडी चुलीला न्यायची, बाकीची धुऱ्यावर पेटवून द्यायची. तिकडे अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच कोळसा जाळतात आणि मागे राख उरते. पऱ्हाटीपासून सक्रिय कार्बन होतो, राखेतल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनापासून झिओलाइट. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं राखेपासून झिओलाइट करून दाखवलेलं आहे.

आपल्या शोधनिबंधांत छिद्रांचं कौतुक भरपूर असतं. एका ग्रॅमला हजार चौरस मीटर पृष्ठभाग! पण तो आला कसा? पऱ्हाटीच्या कोळशात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून सातशे-आठशे अंशांवर तापवायचं. मग धुवायचं. गाळणीखालच्या थेंबानं लिटमस निळा होतोय तोवर धुवायचं, मग आम्ल, मग पुन्हा पाणी. बोटं बुळबुळीत होतात, बादल्या भरतात आणि बेसिनमध्ये रित्या होतात. निबंधात त्या बादल्यांचा उल्लेख नसतो. मग अशा कार्बनला पर्यावरणस्नेही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आणि हे सारं कुठे, तर पूर्णेच्या खोऱ्यात, जिथे खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. या गावांना आशा दाखवताना जपून बोला. कार्बन रंग, वास, कीटकनाशकांचे अंश धरतो. विरघळलेलं मीठ धरत नाही. सोडियमचा झिओलाइट कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो खरा, पण बदल्यात सोडियम सोडतो. जिथली काळी जमीन सोडियमनंच चोपण झाली, तिथे ते पाणी ओलिताला द्यायचं?

तरी आशेला जागा आहे. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र चौकटींसाठी. याघी अम्मानमध्ये पाण्याच्या टंचाईत वाढले आणि पुढे अशाच चौकटीनं त्यांनी वाळवंटाच्या हवेतून पाणी काढलं. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. यातल्या काही चौकटी घातक द्रावकाऐवजी साध्या पाण्यात किंवा नुसत्या घोटूनही तयार होतात. आपलं लक्ष तिकडे हवं.

कार्बनसाठीही अल्कलीऐवजी वाफ वापरता येते. पृष्ठभाग बहुधा कमी मिळतो, पण रंगाचं सांडपाणी गाळायला तेवढा पुष्कळदा पुरतो. कोळसा करताना सुटणारा वायू त्याच भट्टीला जाळता येतो. झिओलाइट करताना उरलेलं अल्कली-द्रावण पुढच्या घाण्याला चालतं. यात चकचकीत आलेख कमी निघतील. मला त्याची खंत नाही. आणि पऱ्हाटी फुकट धरू नका. ती कुणाच्या तरी चुलीचं सरपण आहे. तोडणी-वाहतुकीसह तिचा भाव हिशेबात आलाच पाहिजे.

परिषदेपुढे माझी एकच मागणी आहे. पुढल्या वेळी निबंध मागवताना पृष्ठभागाच्या आकड्याशेजारी चार नोंदी सक्तीच्या करा: एका किलोमागे पाणी किती, अल्कली आणि आम्ल किती, वीज किती, आणि धुण्याचं पाणी शेवटी कुठे सोडलं. सुरुवात माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांपासून करा.