वातावरण बिघडवणारी मुलगी

तेरेखोलच्या चुलीवर अळसांद्याचं तोणक असो की वालांची उसळ, कडधान्य आधी भिजतं, मग नीट शिजतं. कच्च्या कडधान्यात अशी काही प्रथिनं असतात, की ती आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या विकराला पचनाचं काम करू देत नाहीत. उष्णतेनं ती बरीचशी निकामी होतात. या प्रथिनांवर १९५०च्या दशकात मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केलं ते डॉ. कमला सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण.

१९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली येऊन तेव्हाची कमला भागवत बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेली. वडील आणि काका तिथेच शिकलेले. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटेना, तेव्हा अटी आल्या. वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक म्हणतील तर रात्रीही काम करायचं, आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही. नोबेलच्या मानकऱ्यानं वातावरण या शब्दाचा असा अर्थ लावावा! त्याच छताखाली श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक होते. कडक, पण मनापासून शिकवणारे. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांची वाट तिला तिथे सापडली.

पुढे केंब्रिज. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात स्वतःचा प्रश्न घेऊन बसायची मुभा होती. रॉबिन हिल वनस्पतींच्या पेशींवर काम करत. त्यांच्या सोबतीनं बटाट्यावर प्रयोग करताना सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचं कमलाबाईंना आढळलं. १९३९ मध्ये पीएचडी झाली. प्रबंध अवघा ४० पानांचा. प्रवेश नाकारला गेला त्यानंतरच्या सहा वर्षांत बुद्धी काही बदलली नव्हती.

मुंबईत त्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांपुढे त्यांनी आपल्या ताटातलेच विषय ठेवले. डाळी, भाज्या, नीरा. आपला रेंदेर माडाची सूर उतरवतो ना, तशाच ताडमाडांचा न आंबलेला ताजा रस म्हणजे नीरा. तिच्या पोषणमूल्यावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

तेरेखोलहून केरीला फेरीबोटीनं उतरून पुढे कॉलेजला जाणाऱ्या मुलींनो, तास संपल्यावर प्रयोगशाळेत अर्धा तास जास्त मागून घ्या. नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा. परतीच्या फेरीची वेळ तेवढी आधी बघून ठेवा.