नाराजी बेतानं, माहिती पुरती

इंग्रज माणूस नाराज झाला की पुष्कळदा त्याची भाषा अधिकच मऊ होते. काम पार फसलेलं असलं तरी ‘जरा निराशा झाली’ एवढंच म्हणतो, आणि हॉटेलात गार जेवणाची तक्रार करतानाही आधी स्वतःच माफी मागतो. आपल्याकडे याला सर्रास ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. अपेक्षाभंग बोलून दाखवला की चूक करणारा ओशाळतो, तसा ती दाखवणाराही ओशाळतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मध्ये या ओशाळलेपणावरच एक लेख लिहिला. ही अवघड वेळ एकट्याची नसते, समोरचेही तीत सापडतात आणि म्हणूनच ती सावरून घ्यायला धडपडतात, हे त्यांनी दाखवलं. मवाळ शब्द म्हणजे असं सावरून घेणंच. मात्र त्या शब्दांमागचं वजन ऐकणाऱ्यालाही ठाऊक हवं.

ते ठाऊक नसलं तर काय होतं, हे एप्रिल १९५१ मध्ये कोरियन युद्धात दिसलं. इमजिन नदीकाठी ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशायर पलटणीला चिनी फौजेनं वेढलं होतं. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, की परिस्थिती जरा बिकट आहे. ब्रिटिश कानांना त्यातला आकांत कळला असता. अमेरिकन सेनापतीला वाटलं, निभावतंय. पलटणीतले बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले. केवळ त्या वाक्यानं हे घडलं असं म्हणता येणार नाही. शत्रूचं संख्याबळच प्रचंड होतं. पण मदतीची निकड त्या वाक्यातून पोचली नाही, हे खरं.

यावर कुणी म्हणेल, संकटात शांत बोलण्यानंच माणसं सावरतात. अगदी मान्य. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीची राख शिरून ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना छोटी अडचण आल्याचं सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं, की चारही इंजिनं बंद आहेत. सूर सौम्य होता, पण माहितीत काडीचीही काटछाट नव्हती. पुढे इंजिनं सुरू झाली आणि विमान जकार्त्याला सुखरूप उतरलं.

पुण्यात बसून लंडनच्या साहेबाशी फोनवर बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींनी सौम्य सूर आणि अपुरी माहिती यांतला हा फरक जरूर ध्यानात घ्यावा. साहेब ‘यावर अजून थोडा विचार करू या’ म्हणाला, तर काम पसंत पडलेलं नाही असंही असू शकतं. नेमकं काय बदलायचं, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं. विचारण्यात कमीपणा नाही. आणि आपलं काम रखडलं असेल, तर संकोचापोटी ‘प्रयत्न करतो’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. शुक्रवारी काम होणार नाही, मंगळवारी देतो, हे आधी सांगावं. दिलगिरी त्यानंतर हवी तेवढी व्यक्त करावी.