घोड्याच्या फेऱ्यांची मोजदाद
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



संगणक हाताशी असताना मुलांकडून विभाज्यतेच्या कसोट्या कशाला घोटून घेता, असे पालकसभेत वरचेवर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल बुद्धिबळाच्या पटावरची एक हकीकत सांगते.

अडीच घरे चालणाऱ्या घोड्याने चौसष्ट घरांत एकेकदाच जाऊन आरंभीच्या घरी परतायचे. घोड्याच्या चालीचा हा छंद आपल्याकडे जुना; नवव्या शतकात रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त अर्ध्या पटावर ‘तुरगपद’ बांधले. १७५९ मध्ये ऑयलरने त्याचे गणित मांडले. पण असे फेरे एकूण किती? सेकंदाला दहा लाख मोजले तरी पाच महिने लागतील, आणि वाटेत अडकलेल्या चाली त्यात धरलेल्याच नाहीत. म्हणून युक्तीनेच मोजावे लागते.

१९९६ मध्ये ल्योबिंग आणि वेगेनर या जर्मन संशोधकांनी संगणकाद्वारे उत्तर काढले : ३,३४,३९,१२,३४,८४,२९४. शेवटचे दोन अंक पाहा. ९४ ला चारने भाग जात नाही, म्हणून या संख्येलाही जात नाही. आणि तो जायलाच हवा! पट फिरवून किंवा आरशात पाहून एका फेऱ्याची आठ रूपे होतात. अर्धे वळण दिल्यावरही जसेच्या तसे राहणारे काही फेरे असतात, त्यांची चार. आठच्या पटावर याहून कमी होत नाहीत. उत्तर चुकले होते, आणि संशोधकांनी ते मोकळेपणाने मान्य केले. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रेंडन मॅके यांनी पटाचे दोन भाग पाडून गणना केली : १,३२,६७,३६,४४,१०,५३२.

हे वर्गात सांगितले, तेव्हा सातवीतील एका मुलीने हात वर केला. सहा गुणिले सहाच्या पटावर असे ९,८६२ फेरे आहेत. तेथे ६२ ला चारने भाग कुठे जातो? (असा प्रश्न आला की तास सार्थकी लागतो.) त्या पटावर पाव वळणानंतरही न बदलणारे फेरे असतात, त्यांची रूपे दोनच. पाव वळणाने प्रत्येक घर विरुद्ध रंगाच्या घरावर जाते, आणि अशा फेऱ्यात घोडा छत्तिसाच्या चौथाईइतक्या, म्हणजे नऊ चालींनी तेथे पोहोचतो. प्रत्येक चालीला रंग बदलतो, त्यामुळे नऊ चालींचा मेळ बसतो. चौसष्टाची चौथाई मात्र सोळा. सोळा चालींनंतर घोडा मूळच्याच रंगावर उभा असतो.