निर्वासितांची वाटणी आणि लोकमत

निर्वासितांचा भार सर्वांनी वाटून घ्यावा, हे तत्त्व बहुतेकांना मान्य असते. मतभेद सुरू होतात ते आपल्या वाट्याला माणसे आल्यावर. वाटा राजधानीत ठरतो आणि जमीन गावाची जाते. चंद्रपूर-गडचिरोलीने हा अनुभव साठ वर्षांपूर्वी घेतला.

1964च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि हिंदू कुटुंबांचे लोंढे पुन्हा भारतात येऊ लागले. पश्चिम बंगालवर फाळणीपासूनचा ताण होताच. त्यामुळे नव्याने आलेल्यांनी बंगालबाहेर जायची तयारी दाखवली, तरच पुनर्वसनाची मदत द्यायची, असे धोरण केंद्राने ठरवले. रायपूरजवळच्या माना छावणीतून कुटुंबे निरनिराळ्या राज्यांत पाठवली गेली. कोरापुट आणि बस्तरमध्ये दंडकारण्य प्रकल्प 1958 पासून सुरू होता; महाराष्ट्राचा वाटा मुख्यतः तेव्हाच्या चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्याने उचलला. आजच्या मुलचेरा तालुक्यातील सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदीरामपल्ली ही गावे त्यातूनच वसली. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्पही त्याच काळाची खूण आहे.

या वाटणीत दोन्ही बाजूंचे मत विचारातच घेतले गेले नाही. जंगल तोडून शेती काढली, तेव्हा त्या जंगलावर जगणाऱ्या गोंड-माडियांना कुणी विचारले नाही. आरक्षण आणि वनजमिनीच्या प्रश्नांवर आदिवासी संघटनांचा आक्षेप आजही तीव्र होतो, त्याचे मूळ इथे आहे. आलेल्यांचीही गाऱ्हाणी खरी आहेत. त्यांच्यात बहुसंख्य असलेला नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्रात मोडत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असला की परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. वर्ग 1 करून मिळावे, ही मागणी म्हणूनच वर्षानुवर्षे होत राहिली. दंडकारण्यात मन न रमलेली हजारो कुटुंबे 1978 मध्ये सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली. 1979 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्यांना बळाने हुसकावले.

युरोपातही तेच घडले. इटली व ग्रीसमधील 1,60,000 आश्रयार्थी युरोपीय संघाच्या सदस्य देशांत वाटण्याचे 2015 मध्ये ठरले. प्रत्यक्षात सुमारे 35,000 जणांनाच हलवता आले. हंगेरीने 2016 मध्ये अशा सक्तीच्या कोट्यावर सार्वमत घेतले. मत देणाऱ्यांपैकी जवळपास सर्वांनी कोटा नाकारला, पण निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केल्याने कौल अवैध ठरला. म्हणून युरोपीय संघाच्या 2024च्या स्थलांतरविषयक करारात पर्याय ठेवले गेले: माणसे घ्यावीत, पैसे द्यावेत किंवा अन्य साहाय्य करावे.

पैसे भरून मोकळे होण्याची ही सोय चांद्याच्या गावांना नव्हती. वाटणी लोकांनी मनापासून स्वीकारायची, तर किती माणसे हे ठरवण्याआधी कुणाची जमीन जाणार आणि तिचा मोबदला काय, याचा निर्णय ग्रामसभेसमोर व्हायला हवा. येणाऱ्याला ठिकाण निवडण्याची मुभा हवी आणि जमिनीबरोबर तिचा पूर्ण हक्कही हवा. पाहुण्याला घर देताना यजमानाचे घर जाऊ नये, एवढी हमी मिळाली तर विरोधाचे मोठे कारण उरत नाही.